भोवरजाईच्या खाडीत डोळे का मिटत नाहीत

दाभवेळीहून पलीकडच्या खारशीला जायचं तर खाडी ओलांडावी लागते. पूल होणार, पूल होणार, हे दोन पिढ्या ऐकतायत. एक खांब उभा राहिला आहे, त्यावर बगळे बसतात. तोवर बोट आहे. बोट निघते, खाडीच्या मध्यावर येते, डाव्या हाताला पाण्यात काळा खडक दिसतो, आणि नेमका तिथं बोटवाला इंजिन बंद करतो.

बाहेरगावचा माणूस इथं हमखास घाबरतो. बाई पोराला छातीशी धरते. एखादा शहाणा डिझेल संपलं का म्हणून विचारतो. संपलेलं नसतं. त्या जागी बोलायचं नसतं, एवढंच. हात जोडायचे, तोंड बंद ठेवायचं आणि डोळे मिटायचे नाहीत. देवापुढं डोळे मिटायची माणसाला सवय असते. असू दे. पण इथं नाही. इथं कोणी डोळे मिटले तर शेजारचा त्याला कोपरानं ढोसतो, मग तो मामलेदार का असेना.

असं का, ते धक्क्यावरच्या टपरीत विचारलंत तर दहा जण दहा तऱ्हा सांगतील, आणि त्यातले निम्मे काल गावात आलेले. जुनी माणसं सांगतात ती गोष्ट अशी आहे.

इंग्रज यायच्या आधीची आहे म्हणे. किती आधीची ते विचारू नये. जो सन सांगेल तो थापा मारतो. तेव्हा या खाडीवर माणसं ने-आण करणारी होडी एकच, ती बुधाजीची. आज्यानं चालवली, बापानं चालवली, मग त्यानं. भोवरजाईचं देऊळ दाभवेळीत, पण देवीचं मूळ ठाणं म्हणजे हा खडक. भरतीचं नि ओहोटीचं पाणी त्याच्यावर आपटून गरगर फिरतं, म्हणून ती भोवरजाई. त्या भोवऱ्याच्या कडेनं होडी कशी काढायची हे बुधाजीच्या घराला ठाऊक होतं, बाकी कोणाला नव्हतं. बुधाजी तसा काही गोड माणूस नव्हता. उशिरा आलेल्या उतारूला शिव्या घालायचा. पण चढू दिलं नाही असा माणूस त्याच्या हातून एकही नाही.

शिमग्यात देवीची पालखी निघते. आताही निघते, पण आता तिच्याबरोबर डीजे असतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. पालखीत चांदीचे मुखवटे असतात, त्यांना इकडं रुपं म्हणतात. दाभवेळीच्या पालखीत तीन रुपं. मधलं भोवरजाईचं, एका अंगाला भैरी, आणि दुसऱ्या अंगाला देवीची बहीण, धाकटी. धाकटी नाचरी, म्हणून तिच्या रुपाला हनुवटीखाली बारीक घुंगरं लावलेली. पालखी खांद्यावर घेऊन नाचवली की ती वाजायची आणि पोरीबाळी म्हणायच्या, धाकटी हसली.

दाभवेळीत घरोघर जाऊन झालं की पालखी खाडी ओलांडून खारशीला जायची. होडीत पालखी, देवीचा गुरव जिवा, दोन मानकरी आणि गावचा खोत अंताजी. रुपांवर शेला टाकलेला, शेला धरायचा मान खोताचा. आणि तेव्हाची रीत अशी होती की खडकाजवळ आलं की सगळ्यांनी हात जोडून डोळे गच्च मिटायचे. देवी मूळ ठाण्यावर बसलेली असताना तिच्याकडं बघू नये, असं मानायचे. डोळे उघडे फक्त नावाड्याचे. त्यानंही मिटले तर सगळेच देवीकडं गेले असते.

त्या वर्षीही तसंच झालं. पुनवेचं उधाण होतं, ओहोटी जोरात बाहेर ओढत होती, भोवरा रागावल्यासारखा घुमत होता. सगळ्यांनी डोळे मिटले. बुधाजीनं पाण्यावर नजर ठेवून होडी काढली. खारशीच्या वाळूला लागल्यावर तिथल्या पोरांनी पालखी खांद्यावर घेतली, ढोल वाजला, पालखी उजवीकडं झुकली, डावीकडं झुकली. आणि एक म्हातारी म्हणाली, "धाकटी हसत का नाय रे?"

ढोल थांबला. शेला काढला. भोवरजाई होती, भैरी होता. धाकटीची जागा रिकामी होती.

जिवा गुरव मटकन वाळूत बसला. होडी शोधली, पालखीची झूल झटकली, वाटेवरची वाळू हातानं चाळली. मग खोत अंताजी कोणाकडंही न बघता म्हणाला, "आमचे तर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते."

बस्स, एवढंच म्हणाला. पुढचं लोकांनी स्वतःच जुळवलं. ज्याचे डोळे उघडे तोच चोर, दुसरा होणार कोण? चार माणसं भक्तीनं आंधळी बसलेली, आणि एकटा बुधाजी बघत होता. बुधाजीलाही ते ऐकताना क्षणभर खरंच वाटलं म्हणे. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. हात वल्ह्याचे होते. त्यांनी दुसरं काही धरलं असतं तर होडी तिथंच उलटली असती. हे तो बोललाही, पण ज्याला वल्हं मारायचं ठाऊक नाही त्याला ते कसं पटावं?

खोताचा डाव वेगळा होता. होडीचा हक्क त्याला आपल्या मेव्हण्यासाठी हवा होता. बुधाजी सरळ देईना, म्हणून हे. पण ते त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं, बुधाजीलाही नाही.

दिवस मावळायच्या आत सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या ओट्यावर, गावकी बसली. बुधाजीचं घर शोधून झालं होतं. चुलीतली राखसुद्धा उपसली होती. मिळालं काही नाही. एक मानकरी चाचरत म्हणाला, "माल सापडला नाय, तर चोर कसा म्हणायचा?"

"तर मग आपण ठरवायचंच नको," अंताजी खोत म्हणाला. "देवीचा माल, देवीच ठरवील. पदरात टाकू या."

पदरात टाकणं ही जुनी शिक्षा. शिक्षा म्हणायची नाही, न्याय म्हणायचं. ओहोटीला माणसाला खडकाशी बांधून यायचं. भरती येते, खडक बुडतो, पुढच्या ओहोटीला जाऊन बघायचं. जिता असला तर निर्दोष. आजवर निर्दोष कोणी निघालेला नव्हता. लोकांनी ती रीत नुसती ऐकलेली होती, कोणी पाहिलेली नव्हती. खोतानं ती बरी शोधून काढली. आणि देवीचं नाव घेतल्यावर नको कोण म्हणणार? जिवा गुरवाची मान खाली गेली ती वर आली नाही. ठरलं, उद्या सकाळच्या ओहोटीला.

बुधाजीला कोणी कोंडलं नाही, राखण ठेवली नाही. खोताला वाटत होतं की तो पळावा. पळाला की काम बिनबोभाट झालं.

पळायला सगळं होतंच. बुधाजीच्या बायकोचा, येसूचा भाऊ लखमा पडावावर, म्हणजे मालाच्या मोठ्या शिडाच्या नावेवर, खलाशी होता आणि पडाव खाडीच्या तोंडाशी नांगरलेला होता. तिन्हीसांजेला तो घरी आला तो बसलाच नाही.

"उठ भावोजी. पाणी बाहेर ओढतंय तोवर निघायचं. तांडेलाला सांगितलंय, उद्या उजाडायला आपण दर्यात."

बुधाजी होडीपाशी बसून फटीत काथ्या ठोकत होता. फट काही नव्हती. दुपारपासून त्याचे हात गप्प बसत नव्हते. होडीतलं पाणी उपसून झालं होतं, कोरडी होडी परत उपसून झाली होती.

"मी गेलो तर चोर कोण?" तो म्हणाला.

"चोर तर चोर. जिता चोर मेलेल्या सावापेक्षा बरा."

"आणि धाकटी?"

"ती गेली! तुझ्या जाण्यानं काय ती येणाराय?"

"मी राहिलो तर आई तिला शोधील. मी गेलो तर कोण शोधतंय? चोर सापडला म्हणून सगळे जेवायला बसतील."

येसू दारात उभी होती. तिला तो सूर सोसला नाही. "देवी काय तुमची मावशी लागते?" ती म्हणाली. "खोताला अख्खं गाव घाबरतं, आणि देवी तुमच्यासाठी धावत येणाराय! एवढी वर्षं हात जोडलेत, एकदा तरी बोललीय तुमच्याशी?"

"नाय बोलली."

"मग?"

"मग आता बोलंल. मी काय रोज मागत होतो तिच्याकडं?"

येसूनं कपाळावर हात मारला. लखमा खडकाकडं, घराकडं, पुन्हा पाण्याकडं बघत राहिला. पाणी ओढत होतं तोवर त्यानं विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, एकदा तर मेव्हण्याला उचलून न्यायलाही गेला. शेवटी पाण्याची ओढ मंदावली तेव्हा गेला. जाताना रडत होता म्हणे.

आता इथं सांगणारे लोक बुधाजीला साधुसंत करून टाकतात. शांत झोपला म्हणतात. झोपला कसला! ज्याला सकाळी बांधणार आहेत तो झोपतो होय? तो घरात आला, बाहेर गेला, परत आला. भाकरी पुढ्यात घेतली नि तशीच झाकून ठेवली. उजाडू लागलं तसा पाण्याच्या कडेला गेला आणि खडकाकडं तोंड करून भांडला. "तू बघितलंस. मी पाणी बघत होतो, तू होडी बघत होतीस. मग बोल की! माझी बाजू नको घेऊ. मी घेतलं असंल तर आत्ता ने मला, बांधायला लागायचं नाय. पण घेतलं नसंल तर ज्यानं घेतलंय त्याला सोडू नको. एवढं तुझ्यावर टाकतो. माझ्याच्यानं आता होत नाय." खडकावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. तो उडालासुद्धा नाही. बुधाजीला काही उत्तर मिळालं, काही दिसलं, असं कोणी सांगत असेल तर मान डोलवू नका. त्याला काही मिळालं नाही. तरी तो तिथून हलला नाही.

ओहोटी पुरती खाली गेली, खडक मुळापर्यंत उघडा पडला, आणि माणसं जमली. पण निघेचनात. आधी खोताचं स्नान, मग देवळात नारळ, मग दोर जुना म्हणून नवा दोर. खरी अडचण पुढं आली. खडकापर्यंत होडी न्यायची कोणी? भोवऱ्याच्या कडेनं जाणं वेगळं, खडकाला लावणं वेगळं. एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. सगळ्यांची नजर जमिनीकडं. या गडबडीत भरती सुरू झाली आणि बघता बघता पाणी खडकाच्या कमरेला आलं.

खोताचा चेहरा उतरला. शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, "बुधाजी, वल्ही तूच घे."

गर्दीत कोणी तरी हसलं. बुधाजीही हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "म्हणजे माझ्या मयताला मीच खांदा द्यायचा होय खोतानू? बसा. माझ्या होडीला उतारू नको म्हणायची चाल नाय."

होडीत जिवा गुरव चढला, दोन्ही मानकरी चढले, एकाच्या मांडीवर तो नवा दोर. खोत चढला, कारण गाठ मारायचा मानही त्याचाच. एरवी तो पुढं पालखीपाशी बसायचा. आज मागं, बुधाजीच्या पायांशी बसला. एक हात कमरेवर, उपरण्याखाली. बुधाजीला नवल वाटलं, पण विचार करायला डोकं जागेवर होतं कुठं? येसू गुडघाभर पाण्यात आली होती. होडीची कड धरून चालत राहिली, पाणी छातीला लागल्यावर हात सुटला.

बुधाजी उभा राहून वल्हवत होता. भरतीचा जोर अर्ध्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त. वारा उलटा. वल्ही कुरकुरत होती, लाटा फळ्यांवर आपटत होत्या, बोललेलं शेजाऱ्याला ऐकू येत नव्हतं. खडक जवळ येत गेला. त्याचा माथा तेवढा वर उरला होता, त्यावर पाणी चढत होतं नि उतरत होतं. बुधाजीला तिथं स्वतःचं डोकं दिसलं. वाटलं, आत्ता एक वल्हं उलटं मारावं, सगळेच जाऊ दे, खोत जाऊ दे, मीही जातो. एक वल्हं. हात तिकडं वळलेही.

आणि मग त्यानं दोन्ही वल्ही पाण्याबाहेर काढली आणि होडीत आडवी टाकली.

"आई," तो मोठ्यानं म्हणाला, "इथवर मी आणली. पुढं तुझी होडी."

होडी भोवऱ्यात शिरली आणि फिरली. जिवा नि मानकऱ्यांचे डोळे सवयीनं मिटलेले होते. बुधाजीनं ते पाहिलं आणि त्याला असा संताप आला की भीती कुठल्या कुठं गेली. काल यांचे डोळे मिटले म्हणून आज त्याची ही वेळ. "डोळे उघडा!" तो गरजला. "मला मारायला नेताय ना? मग बघत न्या! उघडा डोळे!"

त्यांनी दचकून डोळे उघडले. खोत वाकलेला होता, हात कमरेकडून बुधाजीच्या पायाखालच्या फळीकडं निघाला होता. तो तसाच अडकला.

आणि पाणी थांबलं.

भरती अर्ध्यावर असताना पाणी थांबत नाही. कोणाही कोळ्याला विचारा, तो तुम्हाला वेड्यात काढील. पण त्या दिवशी थांबलं असं सांगतात. भोवरा फिरता फिरता राहिला. वारा पडला. लाट फळीला टेकली ती तिथंच निजली. होडी ताटातल्या वाटीसारखी स्थिर. पाच माणसं, कोणाचा श्वास वर नाही. एवढी शांतता की काठावर येसूच्या हातातल्या बांगड्या ऐकू आल्या म्हणे.

आणि त्या शांततेत होडीतच कुठं तरी बारीक वाजलं. छुन. थांबलं. परत छुन, छुन.

पहिल्यांदा कोणाला कळेना. बुधाजीनं पायाखाली पाहिलं. मानकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. जिवा गुरवानं मात्र ओळखलं. जन्मभर त्यानं तो आवाज पुसून, उटणं लावून, कापसात गुंडाळून ठेवलेला. खेळात हरवलेली पोर सांजवेळी सापडावी तशी त्यानं हाक मारली, "धाकटी गो!"

खोत अंताजी कापत होता. तो जेवढा आवरू बघे तेवढा जास्त कापे, आणि जेवढा कापे तेवढी त्याच्या कमरेला धाकटी हसे. त्यानं घुंगरांत कापूस कोंबला होता. तो कसा गळला ते त्यालाही सांगता आलं नाही. गावात कुजबूज होती, माल सापडला नाही म्हणून, तेव्हा रूप बुधाजीच्या फळीखाली सरकवायचं आणि खडकाला बांधायच्या आधी सगळ्यांदेखत काढून दाखवायचं, असा बेत होता. पुढं त्यानंच हे कबूल केलं. सगळे डोळे मिटतील ते त्यानं धरूनच ठेवलं होतं.

जिवानं उपरणं बाजूला केलं, धाकटीला काढून घेतलं नि धोतराच्या सोग्यात धरून हुंदके देत बसला. दोन्ही मानकरी मात्र पेटले. काल जे गप्प बसले होते तेच आज सगळ्यात आधी पेटले. नेहमी असंच असतं. एकानं खोताची मानगूट धरली, दुसऱ्यानं दोर उलगडला.

"बुधाजी, वल्ही घे! लाव खडकाला! आईनं दाखवला चोर, टाका ह्यालाच पदरात!"

खोतानं बुधाजीच्या पायांना मिठी मारली. कालपर्यंत ज्याच्यापुढं गाव उभं राहायचं तो होडीच्या तळाला लोळत होता, ओला. बुधाजी त्याच्याकडं बघत राहिला. दया आली असं सांगतात, ते खोटं. दया आली नाही. त्याच्या मनात होतं की बांधावाच. गाठ स्वतः मारावी, पाणी हनुवटीला येईपर्यंत बाजूला होडी धरून बसावं. त्यानं वल्ही उचललीसुद्धा. खडक दोन हातांवर होता. पाणी अजून थांबलेलंच होतं. जणू तीही बघत होती, हा काय करतो ते.

"काल सांजेपासून तिला सांगत होतो, तू न्याय कर," शेवटी तो म्हणाला. "तिनं केला. आता आपण वरनं परत करायचा? तिचा काय कमी पडला?"

"अरे पण त्यानं तुला—"

"मला ठाऊक हाय त्यानं मला काय ते! मला सांगू नको!" बुधाजी ओरडला. "दोर टाक. पाण्यात टाक तो. न्हायतर माझा हात थांबायचा नाय."

मानकऱ्यानं दोर पाण्यात टाकला. बुधाजीनं वल्हं पाण्याला लावलं, आणि म्हणे त्याच घटकेला भरती परत धावली, भोवरा परत घुमला, आणि दोर गिळून गेला. होडी कशी काढली ते बुधाजीला कधी आठवलं नाही. त्यानं ती खारशीच्या वाळूला लावली आणि खोताला उतर म्हणाला. खोत उतरला. जोडे होडीत राहिले होते, ते मागायचीही त्याला हिंमत झाली नाही. अनवाणी चढण चढून गेला तो दाभवेळीला परत आला नाही. कोणी म्हणतात घाटावर गेला. कुठं का जाईना.

दाभवेळीच्या काठाला होडी लागली तेव्हा येसूनं तिची कड धरली ती सोडेना. चार माणसांनी सांगितलं, बाई सोड, होडी वर ओढायचीय. तरी सोडेना. शेवटी तिच्यासकट ओढली. बुधाजी पुढं पुष्कळ वर्षं जगला, उतारूंना शिव्याही घालत राहिला, पण त्या दिवसानंतर त्याचे हात कायम थोडे थरथरायचे. वल्ही हातात घेतली की थांबायचे.

पुढच्या शिमग्याला पालखी परत होडीत आली. खडकाजवळ येताच माणसं सवयीप्रमाणं डोळे मिटू लागली, आणि बुधाजीनं भर प्रवाहात वल्ही वर उचलली. "डोळे उघडल्याबगर होडी हलायची नाय," म्हणाला. भोवरा ओढू लागला. माणसं घाबरली. जिवा गुरवानं आधी उघडले, मग एकेकानं. सगळ्यांचे उघडल्यावर, देवीकडं सरळ बघत, त्यानं वल्ही पाण्यात घातली. तेव्हापासून ती रीत पडली. होडी गेली, शिडाची आली, ती गेली, इंजिनाची आली. वल्ही उचलायची त्या जागी इंजिन बंद करायचं, एवढाच फरक.

आजचा बोटवाला बुधाजीच्याच घराण्यातला म्हणवतो. असेल, नसेल. तोही देवी वगैरे फारसं बोलत नाही. पण त्या जागी बोट थांबली की उतारूंपैकी ज्याच्या मनात काही असतं तो चुळबुळतो. मागे एका ठेकेदाराचा मोबाईल नेमका तेव्हा वाजला. सगळी बोट वळून त्याच्याकडं बघायला लागली. तो धक्क्यावर उतरला तो घाम पुसत, आणि परत जाताना डोंगराकडून तीन तासांचा वळसा घालून मोटारीनं गेला.

आणि एक. इंजिन जुनं आहे. एकदा बंद केलं की पहिल्या हँडलला सुरू होईलच असं नाही. कधी दुसऱ्याला, कधी पाच वेळा मारूनही नुसता धूर. तोवर बोट वाहत वाहत खडकाकडं सरकते, उतारूंची तोंडं पांढरी पडतात, आणि बोटवाल्याची तर सगळ्यांत आधी. घाम त्याच्या नाकावरून गळतो. आजवर बोट खडकाला लागलेली नाही, पण उद्या लागणार नाही असं त्याला कोणी लिहून दिलेलं नाही. बंद नाही केलं तरी चालेल, असं त्याला बंदर खात्याच्या साहेबानं दोनदा बजावलं आहे. तो हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खडक आला की खालच्या ओठाला दात लावतो, आणि आजही बंद करतो.